२४९ ग्रॅम आणि परदेशातले आकाश : डीजेआय मिनी २ च्या चार वर्षांच्या वापरानंतर

२०२१ च्या दिवाळीत, बगीचा व्यापाऱ्याला दिल्यावर संत्र्याचा इसार हाती आला, तेव्हा मी नागपुरातील एका दुकानातून डीजेआय मिनी २ हा छोटा ड्रोन तीन बॅटऱ्यांच्या संचासह विकत घेतला. वरूडच्या बाजारात त्या वेळी चांगल्या दुभत्या म्हशीला जी किंमत पडत होती, साधारण तेवढीच रक्कम त्यासाठी मोजावी लागली. घेण्याचे कारण दुहेरी होते : एक तर तेरा एकरांचा बगीचा वरून पाहायचा होता, आणि दुसरे म्हणजे जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीकडे जाणे होईल तेव्हा तिकडचे मळेही असेच वरून पाहून यावेत, अशी इच्छा होती. दुकानदाराने पावती फाडताना सांगितले, "काका, अडीचशे ग्रॅमच्या आत आहे. जगात कुठंही उडवा, कोणी विचारत नाही." यंत्राबद्दल त्याने सांगितलेले बाकी सगळे पुढे खरे ठरले, पण हे वाक्य खरे नव्हते. अशाच शब्दांवर विसंबून यंत्र पेटीत टाकून परदेशी निघालेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून या परीक्षणात कॅमेरा आणि बॅटरीपेक्षा त्या २४९ ग्रॅमबद्दलच अधिक लिहिणार आहे.

वजनाची खात्री मी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात गावच्या सोनाराच्या काट्यावर करून घेतली. बॅटरी, पंखे आणि मेमरी कार्ड धरून यंत्र २४९ ग्रॅमच्या आतच भरले, म्हणजे कंपनीचा दावा बरोबर आहे. मात्र त्याच काट्यावर पंख्यांभोवती लावायची संरक्षक जाळी बसवून वजन केले, तेव्हा ते २५० च्या पुढे गेले. ही गोष्ट लहान वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो आणि त्यापुढील २ किलोपर्यंतचे मायक्रो गटात धरले आहे. नॅनोसाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि मायक्रोसाठीही ते केवळ बिगरव्यावसायिक वापरात माफ आहे. युरोपात तर २५० ग्रॅमची रेषा ओलांडली की परीक्षा आणि माणसांपासूनच्या अंतराचे नियमच बदलतात. म्हणून या यंत्राला जाळी, दिवा किंवा आणखी काही जोडणाऱ्याने आधी काट्यावर ठेवून पाहावे आणि मगच उडवावे.

यंत्र म्हणून मिनी २ उत्तम आहे, हे स्वच्छ सांगतो. घडी घातल्यावर ते शर्टाच्या मोठ्या खिशात मावते. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे आणि ४के दर्जाचे चित्रण सेकंदाला ३० चौकटींच्या गतीने होते. आज यापेक्षा मोठ्या सेन्सरची यंत्रे आली आहेत, तरी दिवसाच्या उजेडात मिळणारी चित्रे मला कधी अपुरी वाटली नाहीत. तीस मीटर उंचीवरून बगीच्याकडे पाहिले की ओळीतील कोणते झाड पिवळे पडत चालले आहे, कोठे तूट पडली आहे, कोठे काळ्या माशीमुळे पानांवर कोळशी चढून हिरवा रंग मळकट दिसू लागला आहे, हे वावरात फिरून चार दिवसांत जे समजते ते वीस मिनिटांत दिसते. कॅमेरा तीन अक्षांच्या गिंबलवर टांगलेला असल्यामुळे वाऱ्यातही चित्र हलत नाही. संदेशवहनाची कमाल मर्यादा अमेरिकेच्या मानकांनुसार १० किलोमीटर सांगितली जाते, आणि युरोपच्या मानकांनुसार ती ६ किलोमीटर आहे. दोन्ही आकडे व्यवहारात निरुपयोगी आहेत, कारण जवळजवळ सगळ्या देशांत यंत्र उघड्या डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे, असा नियम आहे. एवढेसे राखाडी यंत्र माझ्या डोळ्यांना साडेतीनशे मीटरपलीकडे दिसत नाही. तेवढेच माझे क्षेत्र, असे मी पहिल्या महिन्यातच ठरवून टाकले.

उड्डाणाचा कमाल वेळ ३१ मिनिटे छापलेला आहे. बांधावर वारा असताना आणि बॅटरी २५ टक्क्यांवर आली की उतरवण्याची शिस्त पाळताना मला वीस ते बावीस मिनिटे मिळतात, आणि तेवढी पुरतात. तापमानाची मर्यादा मात्र विदर्भात फार जाचते. या यंत्रासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही कार्यमर्यादा दिलेली आहे, आणि आमच्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत मी सकाळी सातनंतर यंत्र बाहेर काढत नाही, आणि बॅटऱ्या गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली कधीच ठेवत नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतके दुसरे काहीच वाईट नाही. याच मर्यादेचे दुसरे टोक शून्य अंश आहे, त्यामुळे नाताळात बर्फ पाहायला जाणाऱ्यांसाठी हे यंत्र नाही.

समोर आणि बाजूला अडथळा ओळखणारे सेन्सर या यंत्रात नाहीत, फक्त खाली पाहणारे आहेत. मालकाने हे सतत ध्यानात ठेवावे लागते. पहिल्या वर्षी परतीची उंची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर यंत्र ज्या उंचीवरून आपोआप माघारी येते ती, मी मूळच्याच मापावर ठेवली आणि धुऱ्यावरच्या जुन्या चिंचेचा विचार केला नाही. सिग्नल तुटल्यावर यंत्र नेमून दिल्याप्रमाणे त्याच उंचीवरून सरळ माघारी आले आणि चिंचेच्या शेंड्यात अडकले. दोन पंखे बदलावे लागले. यंत्राने सांगितले तेच केले होते, चूक माझी होती. तेव्हापासून कोणत्याही नव्या जागी पहिले काम म्हणून मी परिसरातील सर्वांत उंच झाड, मनोरा किंवा विजेची तार पाहतो आणि परतीची उंची त्याच्या दहा-पंधरा मीटर वर ठेवतो. शिवारात आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाच्या आसपास अजिबात उडवत नाही. पंख्यांच्या आवाजाने पोळे उठले तर त्या वेळी पऱ्हाटीत वेचणीला असलेल्या बायकांच्या जिवावर बेतू शकते. या सवयी मला गावातच लागल्या, आणि परदेशात कामाला आल्या त्याही याच.

जर्मनीला जाणे २०२४ च्या मे महिन्यात झाले. युरोपीय संघाचे सामाईक ड्रोन नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू आहेत आणि ते पाहुण्यांनाही तितकेच बंधनकारक आहेत. दुकानदाराचे वाक्य पहिल्यांदा येथे चुकले. २५० ग्रॅमच्या आतील यंत्राला ऑनलाइन परीक्षा द्यावी लागत नाही, हे खरे आहे. परंतु यंत्रावर कॅमेरा असेल तर वजन कितीही कमी असले तरी उडवणाऱ्याला चालक म्हणून नोंदणी करावीच लागते. कॅमेरा माणसांचे चित्रण करू शकतो म्हणून नोंदणी, असा तो विचार आहे, आणि मला तो योग्य वाटतो. संघाबाहेरील माणसाने ज्या सदस्य देशात पहिले उड्डाण करायचे आहे तेथे नोंदणी करायची असते आणि ती इतर सदस्य देशांतही चालते. जर्मनीत ही नोंदणी लुफ्टफार्ट-बुंडेसआम्ट या विमानवाहतूक कार्यालयाकडे होते. व्यक्तीसाठी २० युरो शुल्क होते. निघण्याच्या महिनाभर आधी मुलीने दूरध्वनीवरून एकेक रकाना समजावून सांगितला आणि मी येथून अर्ज भरला.

मिळालेला क्रमांक यंत्रावर चिकटवायचा असतो. त्या क्रमांकाच्या शेवटी छोट्या रेघेनंतर येणारी तीन अक्षरे गुप्त असतात, ती चिठ्ठीवर लिहायची नसतात. हे मला माहीत नव्हते, आणि पहिली चिठ्ठी मी पूर्ण क्रमांकासह छापून घेतली होती. मुलीने छायाचित्र पाहून सांगितले तेव्हा दुसरी छापली. नोंदणीसाठी विम्याची माहितीही लागते, कारण जर्मनीत ड्रोनसाठी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि वजनाची सूट तेथेही नाही. माझ्या नावाने अल्प मुदतीचा विमा काढला आणि त्याची छापील प्रत यंत्राच्या पिशवीत कायम ठेवली. मिनी २ वर युरोपचे नवे वर्गचिन्ह, म्हणजे यंत्र कोणत्या गटात मोडते ते दाखवणारे चिन्ह, नाही, कारण ते यंत्र त्या चिन्हांच्या आधी बाजारात आले. १ जानेवारी २०२४ पूर्वी बाजारात आलेली २५० ग्रॅमखालील यंत्रे चिन्हाशिवायही सर्वांत सौम्य उपगटात उडवता येतात. जुने यंत्र घेऊन निघालेल्यांना एवढी माहिती असली म्हणजे घाबरून नवे विकत घ्यावे लागत नाही.

मुलगी कोब्लेंझजवळ राहते. तेथून मोझेल नदीच्या वरच्या अंगाला गेले की दोन्ही तीरांवर उभ्या चढणीचे द्राक्षमळे लागतात. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा डोंगर तर युरोपातील सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक मानला जातो. सपाट वावरात हयात गेलेल्या माणसाने त्या चढणीवर वेली आणि त्यांना आधाराला रोवलेले खुंट पाहिले की तो काही वेळ बोलूच शकत नाही. ते वरून पाहावे असे कोणालाही वाटेल. परंतु जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाच्या 'डिपुल' या नकाशावर ती दरी उघडली, तेव्हा नदीकाठचा बहुतेक पट्टा वेगवेगळ्या रंगांनी भरलेला दिसला. मोझेल हा केंद्रीय जलमार्ग आहे, तिच्या काठाने केंद्रीय रस्ते जातात आणि बऱ्याच भागात रेल्वेही आहे. या तिन्हींच्या १०० मीटरच्या आत उडवायचे असेल तर जास्तीच्या अटी लागतात. शिवाय मध्ये मध्ये निसर्गरक्षित क्षेत्रे आहेत आणि राहत्या घरांवरून जायचे तर घरमालकाची संमती लागते. अटींच्या बारकाव्यात शिरण्यापेक्षा मी काठापासून १०० मीटरहून अधिक दूर, डोंगराच्या वरच्या कडेला असलेला एक मळा निवडला, आणि जावयांनी आदल्या संध्याकाळी मालकाच्या घरी जाऊन तेथून उडवण्याची परवानगी मागितली. वृद्ध मालकांनी परवानगी दिली आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली : सकाळी हेलिकॉप्टर येऊ शकते, त्या वेळी उडवू नका. त्या उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून मे ते जुलैच्या काळात बुरशीनाशकाची फवारणी हेलिकॉप्टरने केली जाते आणि ते वेलींच्या शेंड्यांच्या अगदी जवळून जाते.

ही सूचना मिळाली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करतो. माणूस बसलेल्या विमानाला नेहमी वाट द्यायची, हा नियम सगळीकडे आहे. परंतु ड्रोनसाठी कायद्याने ठरवलेल्या १२० मीटर उंचीच्या खाली विमान येणारच नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. दुसऱ्या दिवशी पावणेआठला हेलिकॉप्टर खरोखरच आले आणि पलीकडच्या उतारावर तासभर फवारणी करत राहिले. आमचे यंत्र पिशवीतच होते. हेलिकॉप्टर निघून गेल्यावर, मालकांनी हात करून सांगितल्यावर, मी उड्डाण केले.

तेथेच या यंत्राची जी मर्यादा मला समजली, ती वरूडच्या सपाटीवर चार वर्षे उडवूनही कधी समजली नसती. पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाण केलेल्या जागेपासून मोजलेली असते. कायद्यातील १२० मीटर मात्र यंत्राच्या सर्वांत जवळच्या जमिनीपासून मोजायचे असतात. सपाटीवर दोन्ही एकच आहेत, दरीच्या कडेला नाहीत. कडेवरून उडवून मी यंत्र सरळ दरीकडे नेले असते, तर पडद्यावर २० मीटर दिसत असताना खालची जमीन दोनशे मीटर दूर गेलेली असू शकली असती आणि मला कळलेही नसते. म्हणून मी यंत्र उताराला समांतर, वेलींपासून तीस-चाळीस मीटरच्या अंतरावर ठेवले, आणि कडेच्या बाहेर मोकळ्या हवेत नेले नाही. उलट दिशेनेही हाच घोटाळा होतो : पायथ्यावरून उडवून चढणीच्या दिशेने नेले तर पडद्यावरची उंची तीच राहते आणि डोंगर वर येत येत यंत्राला भिडतो. समोरचा अडथळा हे यंत्र ओळखत नाही, हे वर सांगितलेच आहे. चिखलदऱ्याच्या कड्यांवर उभे राहून अनेकांना असेच यंत्र सोडण्याचा मोह होतो, परंतु तो भाग मेळघाट व्याघ्रप्रकल्पाला लागून आहे आणि वन्यजीव क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेणे गुन्हा ठरू शकतो. तेथे प्रयोग करू नये.

ॲपबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे. यंत्र चालवण्याचे ॲप सोपे आहे, परंतु ते अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावे लागते. म्हणून ते घरीच अद्ययावत करून, ज्या भागात जायचे तेथील नकाशेही आधी साठवून घ्यावेत. उंचीची मर्यादा ॲपमध्ये ५०० मीटरपर्यंत वाढवता येते. कायदा बहुतेक ठिकाणी १२० मीटर म्हणतो, सिंगापूरमध्ये परवानगीशिवाय २०० फूट, म्हणजे ६० मीटर. मर्यादा वाढवता येते म्हणजे वाढवायला मुभा आहे, असा अर्थ होत नाही. मी प्रवासाला निघण्यापूर्वी ती त्या देशाच्या नियमाप्रमाणे बसवून ठेवतो, म्हणजे उत्साहाच्या भरात हात गेला तरी यंत्र वर जात नाही. तसेच ॲपने नकाशावर लाल रंग दाखवला नाही म्हणजे जागा मोकळी आहे, असेही समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेत यंत्राला बळेच रोखणारी पद्धत बंद करून केवळ इशारा देण्याची पद्धत आणली, म्हणजे निर्णयाची जबाबदारी सरळ उडवणाऱ्यावर आली. त्या त्या देशाच्या अधिकृत नकाशावरच विसंबावे, आणि तोही प्रत्येक वेळी नव्याने पाहावा. आपल्याकडचेच उदाहरण घ्या : अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आपल्या नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांचीच मोकळीक आहे. तेथील शिवारात पूर्वी निर्धास्त उडवणाऱ्यांना आता सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पुन्हा उघडून पाहणे भाग आहे.

आता इतर देशांबद्दल, कारण आमच्या भागातून जर्मनीला जाणारे थोडे आणि नेपाळ, थायलंड, दुबईला जाणारे जास्त. थायलंडमध्ये यंत्रावर कॅमेरा असेल तर वजन न पाहता तेथील विमानवाहतूक प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, रेडिओ लहरींच्या आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते आणि किमान १० लाख बाहतचा तृतीय पक्ष विमा लागतो. इतके करूनही परिस्थिती बदलू शकते, कारण २०२५ च्या जुलैअखेरीस कंबोडियाशी संघर्ष झाला तेव्हा तेथे देशभर ड्रोनबंदी घालण्यात आली होती. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ मधील अबू धाबीवरील हल्ल्यानंतर हौशी उड्डाणे थांबवण्यात आली आणि २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने, नोंदणीच्या अटीवर पुन्हा उघडण्यास सुरुवात झाली. मोरोक्को आणि इजिप्तला जायचे असेल तर यंत्र घरीच ठेवावे, तेथे ते विमानतळावरच काढून घेतले जाते. भूतानमध्ये पर्यटकाला परवानगी मिळण्याची आशा धरू नये. नेपाळची यात्रा करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे : मुक्तिनाथ हे अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येते आणि तेथे विमानवाहतूक प्राधिकरणाबरोबर संरक्षण क्षेत्राच्या प्रशासनाचीही परवानगी लागते. अमेरिकेत हौशी वापरासाठी २५० ग्रॅमखालील यंत्राची नोंदणी लागत नाही, परंतु ट्रस्ट नावाची छोटी सुरक्षा चाचणी सर्वांनाच द्यावी लागते आणि राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन बंद आहेत.

२५० हा आकडा जगभर चालतो, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का जपान देतो. तेथे पूर्वी २०० ग्रॅमची रेषा होती, म्हणून या कंपनीने खास जपानसाठी १९९ ग्रॅमची आवृत्ती काढली होती. २० जून २०२२ पासून ती रेषा १०० ग्रॅमवर आली, आणि त्यापुढील प्रत्येक यंत्राची नोंदणी व रिमोट आयडी, म्हणजे उडताना यंत्राची ओळख रेडिओवरून प्रसारित करणारी सोय, सक्तीची झाली. ब्रिटननेही १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅमपासूनच परीक्षा आणि कॅमेरा असल्यास चालकनोंदणी लागू केली आहे. म्हणजे नागपुरातील दुकानात जे वजन मुक्तीचा दाखला म्हणून विकले गेले, ते आज ब्रिटनमध्येही कोणाला कागदपत्रांतून सोडवत नाही.

नेण्या-आणण्याच्या बाबतीत हे यंत्र सोयीचे आहे. एकेका बॅटरीची ऊर्जा सुमारे १७ वॅट-तास आहे आणि १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. जादा बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, मालात टाकता येत नाहीत. मी त्या निम्म्याच्या आसपास उतरवून, टोकांवर चिकटपट्टी लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. पंख्यांसाठी लागणारा छोटा पेचकस मोठ्या बॅगेत टाकला. मुंबई विमानतळावर निघण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून यंत्राच्या अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र करून घेतले. हे काम सामान देण्याच्या आधी करावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तासभर आधी पोहोचावे. त्या एका कागदाचे महत्त्व परतताना कळते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे पूर्ण ड्रोन, तसेच सुट्या भागांच्या संचातून जोडायचे ड्रोन भारतात आणण्यास मनाई आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत. आपण येथून नेलेले यंत्र येथलेच होते, हे सिद्ध करता आले नाही तर ते नव्याने आणलेले समजले जाण्याचा धोका आहे. गावातील दोघातिघांनी मला मुलीकडून नवे मॉडेल मागवून देण्याची गळ घातली होती. मी नकार दिला आणि कोणीही असे करू नये, असे मनापासून सांगतो.

शिष्टाचाराबद्दल एवढेच सांगतो की, लोक कामात असताना त्यांच्या डोक्यावर यंत्र घोंघावत ठेवणे आमच्या शिवारात जितके वाईट दिसते तितकेच मोझेलच्या मळ्यातही दिसते. जर्मनीत ओळखू येईल अशा माणसाचे चित्रण त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करणे हा कायद्याचाही प्रश्न आहे. मी तेथे एकूण चार उड्डाणे केली. त्यांतल्या एकाही चित्रात कोणाचा चेहरा नाही, आणि मळ्याच्या मालकांना त्यांच्या वेलींचे चित्रण पाठवल्यावर त्यांनी एका ओळीत रोपे मेल्याची जागा बरोबर दाखवून दिली. पिवळ्या पडलेल्या झाडाकडे पाहण्याची कास्तकाराची नजर दोन्हीकडे सारखीच असते, याचा मला फार आनंद झाला.

आज कोणी मला विचारले तर मिनी २ हे प्रवासासाठी योग्य यंत्र आहे, असेच मी सांगेन : हलके, शांत, भरवशाचे, आणि युरोपसारख्या प्रदेशात परीक्षेच्या खटाटोपातून सोडवणारे. मात्र ते आता जुनेच, दुसऱ्या हातचे मिळू शकते. तसे घेताना मूळ भारतीय पावती, अनुक्रमांक आणि बॅटऱ्यांची अवस्था पाहावी, आणि फुगलेली बॅटरी असलेला संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. पावतीशिवायच्या यंत्राला सीमाशुल्काचे प्रमाणपत्र मिळवणे अवघड जाईल. ज्यांना डोंगराळ देशांत फिरायचे आहे त्यांनी सर्व बाजूंनी अडथळे ओळखणाऱ्या नव्या यंत्रांचा विचार करावा, असेही मी म्हटले असते, पण आयातबंदीमुळे येथून तो मार्ग जवळजवळ बंद आहे.

मृग लागायच्या आत आम्ही परतलो. मुंबईला अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक यंत्राच्या पोटावरील क्रमांकाशी ताडून पाहिला आणि पाच मिनिटांत मला जाऊ दिले. येत्या वसंतात आमच्या भागातील काही संत्रा बागायतदार जपानमधील फळबागा पाहायला जाणार आहेत आणि मीही त्यांच्यासोबत आहे. तेथील नोंदणी आणि रिमोट आयडी यांची पूर्तता या जुन्या यंत्राला दहा दिवसांच्या सहलीसाठी करून घेणे मला शक्य दिसत नाही. तेव्हा ड्रोन घरीच राहील, बॅटऱ्या साठ टक्क्यांवर ठेवून, माजघरातल्या थंड कपाटात.